गाळात उतरण्याआधी: उजनीच्या फुगवट्यावर बदकं पाहणाऱ्यांसाठी आणि पाण्याच्या मोटारी सरकवणाऱ्यांसाठी

करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या, काठावर वाढलेल्या प्रत्येक पोराला पाण्याची भीती घातलेली असते. "लई खोल हाय", "तिकडं नदीचं जुनं पात्र हाय, जाऊ नगं." गाळाची भीती मात्र कुणी घालत नाही, कारण गाळ जमिनीसारखा दिसतो. वरून वाळलेला असतो, भेगा पडलेल्या असतात, बगळे चालत असतात, कडेनं शेळ्या चरून गेलेल्या असतात. मग माणसाला काय होतंय?

मीही असाच चालत गेलो होतो. फेब्रुवारीतली सकाळ, सात-सव्वासातची वेळ. समोर हळदी-कुंकू बदकांची जोडी आणि तिच्या पलीकडे थापट्यांचा मोठा थवा, सगळे चोची पाण्यात घालून चरत होते. उजेड पाठीमागून येत होता, फोटोसाठी आणखी पंधरा-वीस पावलं पुढे गेलं की काम होणार होतं. काठापासून चाळीसेक फुटांवर डावा पाय 'फस्स' करत गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला उजव्या पायावर जोर दिला आणि उजवा मांडीपर्यंत गेला. वरचा गाळ उन्हानं कोमट झाला होता, खाली पावलाला मात्र गार लागत होतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला, शेजारी बुडबुडे फुटले. पाच मिनिटं मी जिवाच्या आकांतानं पाय उपसत होतो आणि दर वेळी दोन बोटं आणखी खाली जात होतो.

थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढायला निघालेल्या एका भोईमामांनी लांबून ओरडून सांगितलं, "हालू नगं! उभा राहू नगं, बस खाली. मग आडवा हो." मला ते वेड्यासारखं वाटलं. चिखलात बुडतोय आणि हा माणूस आडवं व्हायला सांगतोय. पण आडवा झालो म्हणूनच सुटलो. सव्वा तास लागला, एक बूट खालीच राहिला. त्या सव्वा तासात जे कळलं आणि नंतर भोयांकडून, मोटारवाल्या शेतकऱ्यांकडून जे शिकलो, ते सगळं इथे सविस्तर मांडतोय.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. बदकांच्या मागे चिखलात उतरणं हे एके काळी शिकाऱ्यांचं काम होतं, आणि ज्या देशांत परवान्यावर बदकांची शिकार चालते तिथे आजही गाळात रुतण्याचा धोका शिकाऱ्यांना असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली. बंदूक, फासे, बदकांसाठी लावलेली जाळी, सगळा गुन्हाच. पण बदकांच्या मागे गाळात उतरणारे पाय कमी झालेले नाहीत. आता ते कॅमेरावाल्यांचे आणि पक्षी पाहणाऱ्यांचे असतात. त्यांच्याहून कितीतरी जास्त पाय मोटार आणि पाईप सरकवणाऱ्या शेतकऱ्यांचे असतात. गाळाला कोण कशासाठी आलंय याच्याशी देणंघेणं नाही.

गाळ गिळत नाही, धरून ठेवतो

सिनेमात दलदलीत माणूस डोक्यापर्यंत बुडून नाहीसा होतो. तसं होत नाही. माणसाचं शरीर साधारण पाण्याइतकं जड, आणि गाळ म्हणजे पाण्यात मिसळलेली माती, म्हणून पाण्याहून बराच जड. जड द्रवात हलकी वस्तू तरंगते. त्यामुळे उभा माणूस मांडीपर्यंत, फार तर कमरेच्या आसपास जाऊन थांबतो. हे एवढं डोक्यात पक्कं असलं तरी अर्धी घाबरगुंडी जाते.

मग पाय निघत का नाही? याला दोन कारणं. गाळ स्थिर असताना घट्ट असतो, हलवला की पातळ होतो आणि परत थांबला की आणखी घट्ट बसतो. दह्याचं भांडं हलवलं की पाणी सुटतं, तसंच काहीसं. तुम्ही पाय झाडता तेव्हा भोवतीचा गाळ पातळ होऊन तुम्ही खाली जाता, दमून थांबता तेव्हा तोच गाळ पोटरीभोवती आवळतो. दुसरं म्हणजे पाऊल वर ओढलं की त्याच्याखाली पोकळी तयार होते. त्या पोकळीत हवा किंवा पाणी शिरायला वाट नसते, म्हणून ती पाऊल खाली खेचून धरते. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये वाळूच्या दलदलीवर प्रयोग करून दाखवलं होतं की सेकंदाला एक सेंटिमीटर इतक्या वेगानं पाय उपसायचा म्हटलं, तर एक मध्यम आकाराची मोटारगाडी उचलायला लागेल तेवढं बळ लागतं. उजनीचा गाळ आणि ती वाळू एक नव्हे, पण तत्त्व तेच आहे. जोरानं ओढलेला पाय निघत नाही. पाणी आत शिरू दिलं आणि सावकाश ओढला तर निघतो.

तर मग माणूस मरतो कशानं? धडपडीनं दमतो आणि तोंडावर पडतो, तेव्हा मांडीएवढं पाणीसुद्धा पुरेसं होतं. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला असताना उघड्या गाळावर दोन तास अडकला तर उष्माघात होतो. जानेवारीच्या पहाटे छातीपर्यंत भिजून वाऱ्यात राहिला तर अंगातली ऊब जाते, बोटं चालेनाशी होतात. वळवाच्या वाऱ्यानं लाटा उसळतात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ज्या पाण्यात बोट टिकत नाही, तिथे पाय अडकलेल्या माणसाचं काय होणार? आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या बाजूच्या धरणांतून पाणी सुटलं की दौंडमार्गे ते उजनीत येतं. तुमच्याकडे आभाळ कोरडं असतं आणि पाणी मात्र काठावर चढत असतं.

कुठे रुततो

हा भाग नीट वाचा, कारण जागा ओळखता आली तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. त्यातला त्रेसष्ट टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. उपयुक्त साठा संपला की आपण म्हणतो धरण मायनसमध्ये गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वर्षी जी जमीन उघडी पडते, ती १९८० साली धरण पूर्ण झाल्यापासून बहुतेक काळ पाण्याखालीच असते. पलसदेवचं जुनं देऊळ वर आलं की लोक पाहायला जातात, सेल्फी काढतात. देवळाबरोबर गाळही वर आलेला असतो, हे ध्यानात राहत नाही. भीमेनं आणि मुळा-मुठेनं वरून आणलेली माती, त्यात कुजलेला पाला, जलपर्णी, शहराचं सांडपाणी, आणि खाली मूळची आपली काळी जमीन. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की फाटते. म्हणून आपला गाळ वरून पापडासारखा कडक आणि आतून शिऱ्यासारखा असतो.

भेगांकडे बघा. रुंद, खोल, हात घातला तर मनगटापर्यंत जाईल अशा भेगा असतील तर पापुद्रा जाड आहे, माणसाला पेलतो. भेगा बारीक होत गेल्या, तुकडे लहान झाले, कडा वर वळल्या की पापुद्रा पातळ झाला समजा. भेगा संपून तुकतुकीत, ओलसर, काळा-राखाडी पट्टा सुरू झाला की ती हद्द. त्याच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. पाण्याच्या अगदी कडेला कधी कधी पांढुरकी कडक वाळू दिसते आणि माणूस म्हणतो, एवढा पट्टा ओलांडला की झालं. तोच पट्टा मला भोवला.

ओढा जिथे फुगवट्याला मिळतो ती तोंडं सगळ्यात वाईट. दरवर्षी पावसाळ्यात ओढ्यानं आणलेली माती तिथेच बसते. बदकंही तिथेच जास्त असतात, कारण चरायला तिथेच मिळतं, त्यामुळे मोहही तिथलाच मोठा.

बुडीत गावांच्या जागी जुन्या विहिरी आहेत. कठडे ढासळलेत, आत गाळ भरलाय आणि वर पाच-सहा इंचांचा वाळलेला थर. शेजारची जमीन घट्ट लागली म्हणून पुढचं पाऊल निर्धास्त टाकायचं नाही. गावातल्या साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा, "इथं कुणाची हीर व्हती का?" ते बोट दाखवून सांगतात, कारण त्यांनी तिचं पाणी प्यायलंय. कुठलाही नकाशा देणार नाही अशी ही माहिती आहे आणि ती माणसं आहेत तोवरच मिळेल.

वाळू उपशाचे खड्डे वेगळे. सक्शन बोटीनं तळ ओरबाडलेला असतो, मग त्या खड्ड्यात पातळ रेंदा साठतो. त्याला तळच लागत नाही. काठावर वाळूचे ढीग, पाईपचे तुकडे, डिझेलचा तवंग दिसला तर तो भाग सोडून द्या.

सोलापूर शहरातल्या मंडळींना उजनी लांब पडते, ती हिप्परग्याला जातात. १८७१ मध्ये बांधून झालेला एकरुख तलाव तोच. दीडशे वर्षांचा गाळ तिथेही आहे. ज्या तलावांतून शेतकऱ्यांनी शेतात टाकायला गाळ उचललाय, त्या सगळ्या तलावांत जेसीबीचे उभ्या कडेचे खड्डे राहतात. पाणी आलं की ते दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना एकदम गळ्याएवढ्या पाण्यात पाय जातो.

आणि जनावरांच्या, पक्ष्यांच्या खुणांवर विसंबू नका. शेकाट्या आणि अग्निपंख जिथे उभे असतात तिथे जमीन घट्ट असते असा समज आहे. अग्निपंख तीन-चार किलोचा, आणि पायाला पडदा. तुम्ही सत्तर किलोचे. म्हशीच्या खुरांचे ठसे खोल असतील, कडा फाटलेल्या असतील, तर म्हैसच कशीबशी निघाली आहे असं समजा.

निघताना काय न्यायचं

पहिली वस्तू दुसरा माणूस. तो गाळात उतरणार नाही, काठावरच थांबेल. दोघं शेजारी शेजारी उतरले तर दोघंही एकाच वेळी रुततात आणि ओरडायला कुणी उरत नाही. दुसरा माणूस मिळत नसेल तर त्या दिवशी काठावरून दुर्बीण लावून बघा. माझं हे मत पक्कं आहे, यात सूट नाही.

दुसरी वस्तू काठी. चांगली सहा फुटांची कळकाची, अंगठ्याएवढी जाड, फुटाफुटावर कोयत्यानं खूण केलेली. तिसरी वस्तू दोर. घरात बैलाचा कासरा असेल तर उत्तम, तो हातातून निसटत नाही. नायलॉनचा घेतला तर बोटाएवढा जाड घ्या, बारीक दोर अंगात रुततो. चौथी वस्तू तरंगणारी: ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब किंवा पाच लिटरचे दोन रिकामे, बूच लावलेले कॅन दोरीत ओवलेले. भोई लोक थर्माकोल वापरतात, ते उगीच नाही.

पायात काय घालायचं यावर वाद आहेत. भोई अनवाणी जातात. उघडं पाऊल बोटं मिटून निमुळतं करता येतं, म्हणून ते लवकर निघतं. पण आपल्या काठावर बाटल्यांच्या काचा आहेत, जुनी वावरी जाळी आहेत, गळ आहेत, आणि त्यांच्यासारखी टाच आपली नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट दिसायला सोयीचे, पण वरून पाणी-गाळ आत शिरला की प्रत्येक पाय पाच किलोचा होतो. माझ्या अनुभवात घोट्याला घट्ट बांधलेले जुने कापडी बूट सगळ्यात बरे, नाडीची गाठ एका ओढीत सुटेल अशी. परदेशी शिकारी आणि मासेमारीवाले वापरतात ती छातीपर्यंतची रबरी विजार आता आपल्याकडचे काही फोटोग्राफर मागवतात. ती वापरायची तर कमरेला बाहेरून पट्टा आवळलाच पाहिजे. पट्टा नसेल आणि पडलात तर आत पाणी भरतं. ते पाणी तळाला ओढत नाही, पण तेवढं ओझं घेऊन उभं राहता येत नाही, पाय दुमडता येत नाहीत, आणि गाळात सुटायला पाय दुमडणंच तर लागतं.

मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात. मागच्या खिशात ठेवलेला मोबाईल गाळात गेला की गेलाच. एक शिट्टी, कारण अर्ध्या तासात घसा बसतो, शिट्टी बसत नाही. डोक्याला टोपी किंवा उपरणं, आणि पाणी कमरेला बांधलेलं. घरी सांगून जा: कुठल्या गावच्या कुठल्या काठाला, किती वाजेपर्यंत. "उजनीवर जातोय" हे सांगणं नव्हे. उजनीचा काठ शेकडो किलोमीटरचा आहे.

चालताना

काठी पावलाच्या पुढे, टेकून नव्हे तर दाबून बघायची. एका हाताच्या जोरानं काठी वीतभर गेली तर चाला. पोटरीएवढी गेली तर थांबा, बाजूला चाचपा. गुडघ्याएवढी गेली की माघारी. 'अजून दोनच पावलं' असं मन म्हणतं तिथेच हा नियम मोडतो.

पाण्यातून जाताना गाळ आणि पाणी यांची बेरीज करा, हे फार कमी लोक करतात. पाणी दोन फूट आहे, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर, काही वाटत नाही. पण खाली गाळ दीड फूट असेल तर तुमच्या तळपायापासून पाणी साडेतीन फुटांवर आलं, म्हणजे कमरेच्या वर. पाय अडकून मागे बसलात तर तोंड पाण्याखाली. बेरीज मांडीच्या वर गेली की माझ्या लेखी ती जागा चालायची नाही, होडीची.

पावलं लहान टाका. पूर्ण तळवा एकदम टेकवा, टाच रोवू नका. उचलताना टाच आधी उचला, म्हणजे मागून हवा शिरते, आणि बोटं शेवटी काढा. एका जागी थांबू नका. फोटोवाल्यांची चूक हीच होते. बदकं जवळ यावीत म्हणून आपण तिकाटणं रोवून अर्धा-अर्धा तास पुतळ्यासारखे उभे राहतो. गाळ तेवढ्या वेळात मिलिमीटर-मिलिमीटरनं आपल्याला घेत असतो, आणि ते कळतं निघायच्या वेळी. थांबायचंच असेल तर खाली फळी किंवा दोन पदरी पोतं टाका आणि दर दोन मिनिटांनी पाय हलवा. खरं म्हणजे सूर्योदयाला कुगाव, केत्तूर किंवा पलीकडे भिगवण-कुंभारगावच्या बाजूनं होडी केली तर पक्षी जास्त जवळून दिसतात. पाण्यावर शांत बसलेल्या होडीला पट्टकदंबसुद्धा फार बुजत नाहीत. लाईफ जॅकेट मात्र मागून घ्या आणि अंगात घाला, बुडाखाली नको.

परतताना आपल्याच पावलांच्या ठशांत पाय टाकू नका. तिथला पापुद्रा मोडलाय, गाळ सैल झालाय. ठशांच्या हातभर बाजूनं या. मागून येणाऱ्यालाही हेच सांगा.

रुतलात तर

दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गेले असतील तर पहिलं काम, काहीच न करणं. दहा श्वास घ्या. शिट्टी वाजवा, काठावरच्या माणसाला हाक मारा, फोन लागत असेल तर आत्ताच लावा. दमल्यावर लावू म्हणू नका.

अंगावरचं ओझं काढा, पण फेकू नका. कॅमेऱ्याची बॅग पाठीमागे गाळावर आडवी ठेवा, टेकायला तिचा उपयोग होतो. बॅग वाचवायचा विचार सोडा. मी पहिली दहा मिनिटं कॅमेरा डोक्यावर धरून उभा होतो, आणि तेवढंच वजन पायांवर होतं.

आता बसा. मागे टेका, जमिनीवर बसतो तसं, आणि हळूहळू पाठ गाळावर टाका. काठी पाठीखाली किंवा काखेखाली आडवी घ्या, काटकोनात. तुमचं वजन दोन तळव्यांवर होतं ते आता पाठ, कुल्ले, दंड या सगळ्यांवर पसरलं, म्हणून आणखी खाली जाणं थांबतं. भोईमामांचं आडवं हो म्हणणं ते हेच. कपडे, केस, सगळं चिखलात जातं. उभं राहायचा हट्ट सोडणं हीच यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पाणी असेल आणि पाठीवर पडल्यानं तोंड बुडत असेल, तर उलटं करा: ट्यूब किंवा कॅन छातीखाली घेऊन पुढे झुका, हनुवटी वर.

मग एकच पाय निवडा, जो कमी खोल आहे तो. दुसऱ्याला विसरा. पोटरीच्या कडेनं हात खाली घाला, बोटांनी गाळ कोरत जा, म्हणजे पाण्याला वाट होईल. पाणी जवळ असेल तर ओंजळीनं, टोपीनं, बाटलीनं पायाच्या कडेनं ओतत राहा. पाऊल घोट्यातून हलवा, बारीक बारीक, डावीकडे-उजवीकडे, गोल. जोर नको. थोड्या वेळानं 'गुडगुड' असा आवाज येतो, म्हणजे पाणी किंवा हवा तळव्याखाली पोचली. आता बोटं खाली ताणून पाऊल निमुळतं करा आणि गुडघा छातीकडे आणत ओढा, इंचाइंचानं. बूट अडत असेल तर नाडी सोडा आणि बूट गाळाला देऊन टाका.

पाय बाहेर आला की परत रोवू नका. नडगी गाळावर आडवी टाका. मग दुसरा पाय याच रीतीनं. दमलात तर पडल्या पडल्या विश्रांती घ्या, आडवा माणूस खाली जात नाही. दोन्ही पाय सुटले की पोटावर वळा आणि कोपरांवर, नडग्यांवर सरपटत किंवा लोळत आल्या बाजूला जा. समोर काठ जवळ दिसला तरी आल्या बाजूलाच, कारण तिथली जमीन तुमच्या माहितीची आहे. हाताखाली रुंद भेगांची जमीन लागेपर्यंत उभे राहू नका. मी घाई करून मध्येच उभा राहिलो आणि पुन्हा पोटरीपर्यंत गेलो.

दुसरा रुतला असेल तर

आधी डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारी पेटी, बंद करायला माणूस पाठवा. उन्हाळ्यात आपल्या काठाला गाळातून शेकडो मोटारींच्या केबली गेलेल्या असतात, जागोजागी सांधे, त्यावर नुसती चिकटपट्टी. वाचवायला धावलेला माणूस त्यात पाय देतो. पाण्यात पायाला झिणझिण्या आल्या तर पुढे जाऊ नका, पाय न फाकवता छोटी पावलं टाकत माघारी या.

धावत त्याच्याजवळ जाऊ नका. वजन पसरवणारं जे मिळेल ते आणा: घरची बाज, शिडी, पत्रा, दार. पत्र्याची कड रुतलेल्या माणसाला कापणार नाही असा तो ठेवा. उसाच्या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. पाचटाच्या पेंढ्या आडव्या-उभ्या दोन थर टाकल्या की त्यावरून गुडघ्यांवर रांगत जाता येतं. त्याला टेकायला एक पेंढी पाठीमागे सारा.

दोर काखांतून छातीभोवती घ्या, आवळत न जाणारी गाठ मारा. हा दोर त्याला धरून ठेवायला आहे, उपटायला नाही. ट्रॅक्टर लावून, जीप लावून ओढायचं नाही. कंबर, गुडघा, खांदा निखळतो आणि पाय तिथेच राहतो. शिवाय ट्रॅक्टर काठावर खचला की आणखी एक संकट. पाय सोडवायचा असतो तो पाण्यानं. फवारणीचा पाठीवरचा पंप असेल तर स्वच्छ धुऊन, साधं पाणी भरून, नळी पोटरीच्या कडेनं खाली सारा आणि पंप मारत राहा. औषधाचा अंश राहिलेला पंप नको. ट्रॅक्टरवरच्या मोठ्या दाबाच्या पंपाची धार अंगावर कधीच नको, ती कातडी फोडते. काहीच नसेल तर वीतभर पाईपचा तुकडा कडेनं खुपसून त्यातून बादलीनं पाणी ओता.

हे सगळं होईपर्यंत त्याच्या डोक्यावर सावली धरा, घोट-घोट पाणी द्या, बोलत राहा. तो कमरेपर्यंत गेला असेल, पाणी वाढत असेल किंवा तो गळाठला असेल तर वाट न बघता ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. गावाचं नाव सांगा, काठाची खूण सांगा आणि रस्त्यावर एक माणूस उभा करा. आणि भोयांना बोलवा. तराफा घेऊन ते पाण्याच्या बाजूनं पोचतात, जिथे आपण काठाकडून पोचूच शकत नाही.

सुटलेल्या माणसाला लगेच उभं करून चालवू नका. आडवा ठेवा, पाय जरा उंच. थंडी असेल तर ओले कपडे काढून घोंगडं गुंडाळा, ऊन असेल तर सावलीत नेऊन अंग ओलं करा. तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, छातीत धाप असेल, नाकातोंडात पाणी गेलं असेल, तर दवाखाना, "बरं वाटतंय" म्हणाला तरी. जखम असेल तर साबणानं भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. ते पाणी स्वच्छ नाही.

मोटार सरकवताना

पाणी मागे गेलं की दर आठ-पंधरा दिवसांनी मोटार पुढे न्यावी लागते. फुटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) गाळात बसतो आणि त्याला उपसायला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, बहुतेक वेळा एकटा, बहुतेक वेळा रात्री, कारण लाईट रात्रीची असते. हे मला मनापासून सांगायचंय: रात्री उतरू नका. एका पाळीचं पाणी गेलं तर ऊस मरत नाही. मोटार खांद्यावर घेऊन गाळातून चालू नका, तिला ट्यूबवर किंवा तराफ्यावर बांधून ओढत न्या. फुटव्हॉल्व्हला सुरुवातीलाच एक दोर बांधून त्याचं टोक काठावर खुंटीला ठेवलं, तर पाण्यात न उतरता तो हलवता येतो. स्टार्टर नुसता बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवा. जनावर रुतलं तर दोर शिंगांना किंवा मानेला नको. रुंद पट्टा किंवा पोती पुढच्या पायांच्या मागून छातीखालून घ्या आणि तिथेही आधी पाणी, मग ओढ.

खूण

त्या दिवशी मी काठावर पडून होतो तेव्हा भोईमामांनी बेशरमीची एक लांब फांदी तोडली, तिच्या टोकाला खताच्या पिशवीचा तुकडा बांधला आणि मी रुतलो होतो त्याच्या अलीकडे रोवून दिली. बेशरम ओल्या मातीत कुठेही रुजते. मार्चअखेरीस मी परत गेलो तेव्हा फांदीला पानं फुटली होती आणि पिशवीचा तुकडा वाऱ्यावर फडफडत होता. पण पाणी तोवर शंभर फूट आणखी मागे गेलं होतं, आणि तिथे नवा तुकतुकीत पट्टा तयार झाला होता, खुणेविना. मी काठी दाबत गेलो, गुडघ्याएवढी गेली तिथे थांबलो, आणि दुसरी फांदी रोवून परत आलो. आता दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघंतिघं पाण्यामागे नवी खूण पुढे लावतो. तुमच्या गावच्या काठाला अशी खूण नसेल तर पहिली तुम्ही रोवा, आणि पाणी सरकलं की ती तिथेच ठेवून नवी पुढे लावा.